बर्थिंगच्या वेळी (बोट धक्क्याला लावताना) सुकाणूच्या चाकामागून पुढचं दिसत नाही, उपाय सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमची 34 फुटी शिडाची यॉट इंग्लंडमध्ये हॅम्बल नदीत असते. माझी उंची 5 फूट 1 इंच. चाकामागे उभी राहिले की स्प्रेहूड (पाण्याचे फवारे अडवणारं, दुमडता येणारं कापडी छत) आणि केबिनचं छप्पर आडवं येतं, पाँटूनची (तरंगत्या धक्क्याची) कड शेवटच्या क्षणी नजरेआड होते. ओहोटीचा प्रवाह बर्थला आडवा असतो, तेव्हा नेमकं तेच अंतर दिसायला हवं. स्प्रेहूड पाडल्यावर बराच फरक पडतो, पण पावसात ते नको वाटतं. कॉकपिटच्या (जिथे उभं राहून बोट चालवतात त्या खोलगट जागेच्या) काठावर बसलं तर गिअरच्या दांड्यापर्यंत हात पोचत नाही. पायाखाली लाकडी जाळी बसवून उंची वाढवलीये का कुणी? ओली झाल्यावर पाय घसरतो का? नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) माणसाने अंतर दाखवायच्या तुमच्या खुणा कोणत्या? कॅमेरा मात्र नको, मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.