२२ वर्षांची बिल्डिंग, पार्किंगमधल्या कॉलमचं काँक्रीट पडतंय. आधी रंग की आधी दुरुस्ती?

मेहरूणकर:
नमस्कार मंडळी. जळगावला मेहरूण भागात आमची सोसायटी आहे, खाली पार्किंग वर चार मजले, २४ फ्लॅट, २००३ ला ताबा मिळाला. मी यंदाच सेक्रेटरी झालो, बांधकामातलं काही कळत नाही म्हणून विचारतोय. मागच्या आठवड्यात पार्किंगमधल्या एका कॉलमचा हातभर तुकडा पडला, नशीब शाळेची व्हॅन निघून गेल्यावर पडला. आतली सळई उघडी पडलीय, नख लावलं तरी गंजाचे पापुद्रे निघतात, आणि रिंग (उभ्या सळयांना बांधलेलं आडवं लोखंडी कडं) दोन ठिकाणी पार खाऊन गेलीय. शिवाय वरच्या मजल्याच्या दोन फ्लॅटमधे स्लॅबला ओल आहे.
एका कॉन्ट्रॅक्टरने ११ लाख लमसम सांगितलेत, त्यात बाहेरचा रंग, तडे भरणं, गच्चीवर केमिकल आणि "कॉलमला प्लास्टर". दिवाळीआधी बिल्डिंग नवी दिसेल म्हणून निम्मे लोक तयार आहेत. मला मात्र ते कॉलमला प्लास्टर ऐकून झोप लागत नाही. काय करू?

भुसावळ_साईट:
भाऊ, तुमची झोप उडाली ते बरोबरच आहे. त्या कॉलमला आज प्लास्टर मारू देऊ नका. सळई गंजली की फुगते, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेते, आणि तीच आतून काँक्रीटला ढकलून पाडते. वरून प्लास्टर केलं की गंज आतच राहतो, दोन वर्षांनी आणखी मोठा तुकडा पडतो.
पहिले त्या कॉलमजवळच्या गाड्या हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, कॉन्ट्रॅक्टर नाही. टेकू कुठे द्यायचे ते तो सांगेल. सोसायटीच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय, ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी, म्हणजे तुमचं आतापर्यंत एकदा तरी व्हायला हवं होतं. ऑडिटवाला हातोडीने एकेक कॉलम वाजवत जातो, चांगल्या जागी ठक ठक येतो आणि सुटलेल्या जागी ढब ढब, त्या वेळी सोबत राहा, तुम्हालाही कळेल. काँक्रीट फोडून ताज्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन मारतात, काँक्रीट निरोगी असेल तर ते गुलाबी होतं. सळईपर्यंत रंगच आला नाही तर समजा काँक्रीटचं संरक्षण संपलंय, म्हणजे आज न पडलेले कॉलमही रांगेत आहेत.
दुरुस्ती म्हणजे टेकू देऊन सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडायचं, सळई घासून चकचकीत करायची, जाडी फार कमी झाली असेल तर नवी जोडायची, कोटिंग मारायचं, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरायचं. सगळे कॉलम एकाच वेळी फोडायला घेतले तर काम लगेच थांबवा.

धुळे_देवपूर:
आमच्याकडे रंग आधी झाला, म्हणून लिहितोय. भिंतीत ओल तशीच आणि वरून भारीतला रंग, पहिल्याच पावसाळ्यात पापड आले, दुसऱ्यात सोलून निघाला, मग गच्ची करायला परत वर्गणी. माझी आई ८१ वर्षांची, तिच्या खोलीतल्या भिंतीला बुरशी, रात्रभर खोकायची. ते पैसे आधी गच्चीवर गेले असते तर तिचे ते दोन पावसाळे सुखाचे गेले असते. रंगाची घाई करू नका हो.

बापू_अमळनेर:
३१ वर्षं सरकारी बांधकामावर काढली, आता रिटायर. वरच्या भावांनी बरोबर सांगितलं, पण मी म्हणतो पानी कथाईन येस ते पह्यले देखा, पाणी कुठून येतं ते आधी बघा. सळई कोरडी असेल तर इतकी सडत नाही, तो एकच कॉलम का गेला याचं उत्तर वर आहे, पाइप, टाकी, बाथरूम, काहीतरी त्याच्या डोक्यावर गळतंय.
आपल्या खान्देशात जुनी घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. मिरग लागायच्या आत माझे वडील धाब्यावर चढायचे, गवत उपटायचे, पांढरी माती टाकून चोपायचे, पन्हाळ मोकळी करायचे, दरवर्षी, न चुकता. सिमेंटचा स्लॅब आला आणि लोकांना वाटलं आता बघायलाच नको. अहो स्लॅबलाही तेच लागतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशापर्यंत तापतं आणि थंडीत रात्री गारठा, गच्ची ताणते आकसते, पॅराफिट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या सांध्यात केसाएवढी चीर पडते आणि तिथूनच पाणी उतरतं. म्हणून त्या सांध्यावरचा वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, नीट हवी, आणि पावसाळी पाइपची तोंडं पानं-कचऱ्याने बुजलेली नकोत.
वेळही सांगतो. आता सप्टेंबर आहे, ओल दिसते आहे तोवर एकेक डाग खडूने आखून फोटो काढून ठेवा, उन्हाळ्यात हेच डाग शोधून सापडणार नाहीत. ऑडिट आत्ता, धोक्याचा कॉलम लगेच, बाकी काम दिवाळीनंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मधे मॉर्टर भरलं की वरून लगेच सुकतं आणि चिरतं, क्युरिंगला, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवायला, कुणी टिकत नाही. क्युरिंगला बोअरचं पाणी वापरणार असाल तर तपासून घ्या, आरसीसीच्या कामात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. गच्ची झाली की पाणी तुंबवून दोन-तीन दिवस तसंच ठेवा, खालचे छत कोरडे राहिले तरच बिल.
आणि लमसम देऊ नका. इंजिनिअरकडून आयटमवार यादी करून त्यावर तीन कोटेशन घ्या. काम झाकण्याआधी माप आणि फोटो, एमबीत (मापाच्या वहीत) सही, मग रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतेच पैसे. थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा.

मेहरूणकर:
बापू, आज प्लंबरला घेऊन वर गेलो. पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाथरूमचा नाहणी ट्रॅप (सांडपाणी खाली जायचं तोंड) बरोबर त्या कॉलमच्या डोक्यावर आहे, सांधा सुटलेला, किती वर्षांपासून ते देव जाणे. गाड्या हलवल्या, दोरी बांधली. इंजिनिअर परवा येतोय, जवळ टेकू लावायला त्याने फोनवरच सांगितलं, लावले. आता प्रश्न पैशांचा. खात्यात दोन लाखही नाहीत. महिन्याला ३०० रुपये घेतो, ते लाइट, पाणी, सफाईत जातात.

भुसावळ_साईट:
उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या, म्हणजे जमीन सोडून, वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवायची पुंजी) आणि ०.७५ टक्के दुरुस्ती फंड. समजा तुमचा बांधकाम खर्च १ कोटी २० लाख धरला तर वर्षाला ३० हजार आणि ९० हजार, २४ फ्लॅटमधे वाटले तर घरटी ५ हजार वर्षाला, महिन्याला सव्वाचारशेच्या आत. पहिल्या दिवसापासून निघाले असते तर व्याज सोडूनही आज २६ लाख जमले असते, त्यातून दरवर्षीची किरकोळ कामंही निघाली असती. आता जनरल बॉडी बोलवा, त्यात ऑडिट रिपोर्ट वाचा, दुरुस्तीसाठी वर्गणीचे दोन-तीन हप्ते करा आणि हे दोन्ही फंड आतापासून चालू करा. रंग शेवटी, पैसे उरले तर, नाहीतर पुढच्या वर्षी.
सभेत तो पडलेला तुकडा आणि गंजलेली रिंग टेबलावर ठेवा. आणि परवा इंजिनिअर किती वाजता येतोय? माझी सुट्टी आहे, सकाळच्या पॅसेंजरने येतो. गच्चीची किल्ली आणि एक शिडी काढून ठेवा.

मेहरूणकर:
दहाला येतोय. किल्ली माझ्याकडेच आहे. स्टेशनवर घ्यायला मी स्वतः येतो, जेवूनच जायचं.