मदत हवी आहे: कंपन्यांची निर्यातीतली कामगिरी नेमकी कशी मोजावी?

नमस्कार मंडळी. पीएचडीसाठी मध्यम आकाराच्या निर्यातदार कंपन्यांचा अभ्यास करतेय आणि गाडी मोजपट्टीवरच अडलीय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

सगळ्यात सहज मिळणारा आकडा म्हणजे एकूण विक्रीतला निर्यातीचा वाटा. पण तो फसवा आहे. समजा विक्री १००, त्यात निर्यात ३०. पुढच्या वर्षी निर्यात ३०च राहिली आणि देशातली विक्री ७० वरून ४५ वर आली, तर वाटा ३० वरून थेट ४० टक्के! कंपनीने बाहेर काडीचंही जास्त विकलेलं नाही. वाढीचा दर घ्यावा, तर शून्याजवळून सुरुवात करणाऱ्या नवख्या कंपन्या पहिल्या येतात. निर्यातीचा नफा बरेच जण वेगळा काढतच नाहीत, आणि काढणारे दाखवत नाहीत.

म्हणून प्रश्नावलीकडे वळले. झू, टेलर आणि ओस्लंड यांची १९९८ची 'एक्सपर्फ' मोजपट्टी आर्थिक यश, व्यूहात्मक यश आणि समाधान असे तीन पैलू धरते. माझं घोडं अडतं ते समाधानापाशी. ज्याने उद्दिष्टच ठेंगणं ठेवलं, तो खूश! शिवाय 'आम्ही नियोजन उत्तम करतो' आणि 'आमची निर्यात उत्तम चालते' ही दोन्ही उत्तरं एकाच व्यवस्थापकाची असतील, तर त्यांच्यात संबंध दिसणारच.

तिन्ही पैलूंचा मिळून एकच निर्देशांक करू का?

प्रतिसाद १
नका करू. नव्या बाजारात शिरताना कंपनी भाव पाडते. विक्री चढते, नफा उतरतो. सरासरी काढलीत की दोन्ही गोष्टी पुसल्या जातात. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावलीतल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) चांगला आला म्हणूनही हुरळून जाऊ नका, घटक एकत्र हलतात एवढंच तो सांगतो.

त्याआधी एकक ठरवा. कव्हुसगिल आणि झू यांनी १९९४च्या अभ्यासात अख्खी कंपनी न घेता एक उत्पादन आणि एक परदेशी बाजार अशी जोडी घेतली. तसं केलंत तर उत्तरं पुष्कळ नेमकी येतील. एरवी एका देशातलं यश दुसऱ्या देशातलं अपयश झाकतं. विक्री शक्यतो खरेदीदाराच्या चलनात मागा, म्हणजे विनिमय दरामुळे आलेली सूज कळेल. नियोजनाचे प्रश्न आज विचारा, आकडे वर्षभराने घ्या, तेही जमल्यास लेखा विभागाकडून.

धागालेखिका
एकक पटलं, खूप आभार. पण ज्यांनी निर्यात सोडूनच दिली, त्या कंपन्या माझ्या यादीत नाहीत. त्यांचं काय?

प्रतिसाद १
मग यादीच तीन-चार वर्षांपूर्वीची घ्या. त्यातल्या आज कोण टिकल्या हे आधी नोंदवा, समाधानाचं नंतर विचारा.