ठाणे खाडीच्या कांदळवनात वनरक्षकाची नोकरी

प्रश्न (ऐरोली): माझी धाकटी बहीण विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला वनरक्षक व्हायचे आहे. खाडीकाठी नेमणूक मिळाल्यास रोजचे काम कसे असते?

उत्तर (ठाणे): निवडप्रक्रियेत महिलांना ३ किलोमीटर धावावे लागते, पण खरी कसोटी भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून चिखलातून गस्त घालण्यात आहे. राडारोडा टाकणाऱ्यांना आणि तिवरे तोडणाऱ्यांना रोखताना कोळीवाड्यातील मच्छीमारांशी जिव्हाळा जपावा, कारण खाडीतले बदल त्यांनाच आधी कळतात.

उत्तर (घणसोली): २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळाला, त्यामुळे जबाबदारी मोठी आहे. अर्ज भरण्यापूर्वी तिला हिवाळ्यात, ओहोटीच्या वेळी, काठावर अवश्य न्या.