१९८२ नंतर प्रीफेक्टचा जिल्हा राहिला नाही

'फ्रान्समध्ये जिल्हा शेवटी प्रीफेक्टच, म्हणजे केंद्र सरकारने नेमलेला अधिकारीच चालवतो, निवडून आलेली परिषद नावापुरती' असं म्हटलं जातं. १९८२ पर्यंत ते बरंचसं खरं होतं. परिषदेच्या ठरावांची अंमलबजावणीही प्रीफेक्टच करत असे. त्या वर्षीच्या २ मार्चच्या कायद्याने हे अधिकार परिषदेने निवडलेल्या अध्यक्षाकडे गेले. आता प्रीफेक्ट परिषदेचा ठराव स्वतः रद्द करू शकत नाही. बेकायदा वाटला तर प्रशासकीय न्यायालयात जावं लागतं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण वृद्धांचे भत्ते, बालसंरक्षण, मधल्या इयत्तांच्या शाळांच्या इमारती, जिल्हा रस्ते हे सगळं परिषदेच्या हाती आहे.

दुसरा मुद्दा या परिषदांच्या निवडणुकीचा. मार्च २०१५ पासून प्रत्येक कॅन्टनमधून, म्हणजे तिथल्या मतदारसंघातून, एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडीच उभी राहते. मत जोडीला, निवडून आल्यावर मात्र दोघं स्वतंत्र सदस्य. सदस्यसंख्या फार फुगू नये म्हणून कॅन्टन चार हजारांवरून जवळपास निम्म्यावर आणले. त्यामुळे परिषदांत निम्म्या स्त्रिया आल्या, पण अध्यक्षपदी अजूनही बहुतेक पुरुषच आहेत. ते खटकतं.