इनोउए–नाकातानी: डावखुऱ्याचा डावा हात रोखायचा कसा, आणि जिंकणार कोण?

पार्कचौक_सोलापूर
नाओया इनोउए आणि जुन्तो नाकातानी या दोन जपानी बॉक्सरांच्या लढतीबद्दल विचारायचंय. गट सुपर बँटमवेट, मर्यादा 122 पौंड म्हणजे 55.34 किलो, 12 फेऱ्या. इथं सोलापुरात बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांना ती पडद्यावर दाखवायचा बेत आहे. जपान आपल्यापुढं साडेतीन तास, त्यामुळे जागरणाचा प्रश्न नाही. प्रत्येक फेरी संपली की पोरांनी आपापल्या वहीत गुण लिहायचे. म्हणून "इनोउए म्हणजे राक्षस" असली उत्तरं नकोत. पहिल्या दोन फेऱ्यांत नेमकं काय बघायचं, कुणाचा डाव कुठं फसू शकतो आणि निकाल काय, एवढं सांगा.

सातरस्ता_जॅब
आधी पाय बघायला सांगा, हात नंतर. इनोउए ऑर्थोडॉक्स (डावा हात-पाय पुढं), नाकातानी साऊथपॉ (डावखुरा, उजवा हात-पाय पुढं). म्हणजे एकाचा डावा पाय आणि दुसऱ्याचा उजवा पाय समोरासमोर येऊन अडकणार. इनोउएचा डावा पाय नाकातानीच्या उजव्या पायाच्या बाहेर पडला, तर त्याच्या उजव्या सरळ ठोशाला मधली वाट मोकळी मिळते. नाकातानीनं बाहेरची जागा धरली, तर तीच वाट त्याच्या डाव्या हाताला. पोरांना प्रत्येक फेरीत फक्त "बाहेर कोण" याच्या खुणा करू द्या, निम्मी लढत तिथंच कळेल.

दुसरं, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा. उलट स्टान्समध्ये (उभं राहायची ढब) दोघांचे पुढचे हात एकमेकांवर आपटतात, नुसता जॅब क्वचित पोचतो. इनोउए पुढच्या ग्लोव्हनं समोरचा ग्लोव्ह दाबतो आणि लगेच उजवा सरळ पोटात घालतो. नाकातानी त्याच्यापेक्षा सात-आठ सेंटिमीटर उंच आहे, तेव्हा डोक्यामागं धावण्यापेक्षा हा ठोसा स्वस्त पडतो. फसतो कुठं? ठोसा मारून डोकं मधल्या रेषेतच वर आणलं तर. नाकातानीचा डावा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) नेमका तिथं वाट बघत असतो. मारल्यावर डोकं डावीकडं ठेवून डावीकडंच निघायचं, म्हणजे त्याच्या ताकदीच्या हातापासून लांब. सरळ मागं सरकला की लांब डावा गाठणारच.

या वजनात इनोउएनं डावखुरे आधीही हाताळलेत, त्यातले तीन: टापालेस (डिसेंबर 2023), नेरी (मे 2024), अखमदालियेव (सप्टेंबर 2025). शेवटची लढत पोरांना आधी दाखवा. नॉकआऊटच्या मागं न लागता बारा फेऱ्या पायांवर खेळला आणि ठोसे देऊन निघून गेला. माझ्या मते तोच नकाशा इथं वापरणार. इनोउए, गुणांवर, 116-112.

विजापूरवेस_कॉर्नर
सगळे अखमदालियेवचंच उदाहरण द्यायलेत. पण त्या तिघांत नाकातानीएवढा उंच एक तरी होता का? बुटक्या डावखुऱ्याला आत यावं लागतं, इनोउए त्याला येताना मारतो. इथं आत यायचं काम इनोउएचं हाय. गणितच उलटं झालं की.

आणि आत आल्यावर काय होतं तेही बघा. टोकियो डोममध्ये नेरीनं पहिल्याच फेरीत खाली पाडलं, लास वेगासला मे 2025 मध्ये कार्देनासनं दुसऱ्या फेरीत. दोन्ही वेळा डाव्या हाताचा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा), दोन्ही वेळा जवळच्या मारामारीत. उठून जिंकला हे खरं (सहावी आणि आठवी फेरी), पण सवय मोडली असं मला तरी वाटत नाही. नाकातानीचा डावा काय करतो ते मोलोनीला विचारा, बाराव्या फेरीत एका काउंटरवर (समोरचा मारत असताना दिलेला उलट ठोसा) आडवा.

तरी नाकातानीला डोळे झाकून कौल देणार नाही. या वजनात वर आल्यावर डिसेंबर 2025 मध्ये रियाधला हर्नांडेझनं त्याला चिकटून बेजार केलं. दोन जजनी 115-113 दिलं, तिसऱ्यानं 118-110, ते सोडूनच द्या. उंची असून हा गडी स्वतःहून अंगाला अंग लावून मारामारी करत बसतो. लांबच राहिला तर नववी-दहावी फेरी, नाकातानी, थांबवून. मारामारीत उतरला तर तुमचं 116-112 खरं.

पार्कचौक_सोलापूर
इनोउएच्या लिव्हरवरच्या डाव्या हुकचं काय? डावखुऱ्यावर तो चालतो का?

सातरस्ता_जॅब
चालतो, पण कमी. डावखुऱ्याची उजवी बाजू पुढं असते, त्यामुळे लिव्हर जवळ येतं हे खरं, पण उजवं कोपरही तिथंच असतं. आधी उजवा सरळ डोक्यावर टाकून ते कोपर वर उचलायला लावावं लागतं. थेट हुकनं सुरुवात केली तर चेहरा उघडा, आणि समोर नाकातानीचा डावा. हुक एकटा येतोय की उजव्याच्या पाठोपाठ, हे पोरांना मोजायला लावा.

विजापूरवेस यांचा उंचीचा मुद्दा मान्य, आकडा 115-113 वर आणतो. नाव बदलत नाही.

होटगीरोड_गुणपत्रिका
वहीचं तेवढं नीट करून घ्या. फेरी जिंकली 10-9, त्यात एकदा पाडलं तर 10-8. सात फेऱ्या विरुद्ध पाच म्हणजे 115-113. सहा-सहा झाल्या आणि हरलेल्या एका फेरीत इनोउए खाली बसला, तर 113-114, लढत गेली. पहिल्या-दुसऱ्या फेरीत पडायची त्याची खोड बघता हा एक गुण महाग पडेल. पोरांना हेही सांगा की त्यांच्या तीन फेऱ्यांच्या हौशी स्पर्धांत पाडल्याचा असा जादा गुण मिळत नाही, तो एक चांगला ठोसाच धरतात. नाहीतर पुढच्या स्पर्धेत एक नॉकडाऊन घेऊन निवांत बसतील.

दुसरं, उलट स्टान्समध्ये डोकी आपटतात. भुवई फुटली की दोन्ही कॉर्नरचा (कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांचा) बेत बदलतो. चार फेऱ्या झाल्यावर अपघाती जखमेनं लढत थांबली, तर तोवरच्या गुणांवर निकाल लागतो. म्हणून चौथ्या फेरीनंतर कुणाच्या डोळ्यावर रक्त दिसलं तर पुढं असलेला सावध होईल, मागं असलेला घाई करेल. कट कुठं आहे तेही बघा. भुवईवरचं रक्त डोळ्यात उतरतं, गालावरचं नाही.

माझा कौल इनोउए, 114-112. एकदा पडून.

विजापूरवेस_कॉर्नर
114-112 म्हणजे आठ फेऱ्या जिंकून दोनदा पडला, नाहीतर सात-पाच आणि दोघंही एकेकदा पडले. तुमच्या "एकदा पडून"चा हिशोब 114-113 येतो, वही आधी तुमचीच तपासा.

होटगीरोड_गुणपत्रिका
बरोबर, 114-113 करा. सात फेऱ्या इनोउए, पाच नाकातानी, त्यातली एक 10-8.