नॉर्मंडी जिंकली, पण काँ शहराचा हिशोब कोणी द्यायचा?

पायपीट : गेल्या महिन्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीला जाऊन आलो. कोलव्हिलच्या अमेरिकन दफनभूमीत नऊ हजारांवर पांढऱ्या खुणा, कातरलेली हिरवळ. टूरवाल्याने तिथे दोन तास दिले आणि काँ शहरात पंधरा मिनिटं, तीही लघुशंकेसाठी! ६ जून १९४४ ला जर्मनांच्या ताब्यातल्या या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचे दीड लाखावर सैनिक उतरले हे सगळ्यांना पाठ असतं. त्या मोहिमेत सुमारे २० हजार स्थानिक नागरिक मेले, बरेचसे दोस्तांच्याच बाँबने, हे कोणी सांगत नाही. काँ पहिल्याच दिवशी घ्यायचं ठरलं होतं. जमलं नाही. मग ७ जुलैच्या संध्याकाळी साडेचारशेच्या आसपास बाँबर पाठवले. ढिगाऱ्यांनी रस्ते असे बुजले की दोस्तांचेच रणगाडे अडले. माझ्या मते हे टाळता आलं असतं.

निवृत्त_तोफखाना : पायपीटराव, ऐंशी वर्षांनी नकाशा बघून बोलणं सोपं आहे. पूल आणि रेल्वे जंक्शनं फोडली नसती, तर जर्मन चिलखती दळं किनाऱ्यावर येऊन थडकली असती आणि पोरं परत समुद्रात गेली असती. नागरिक मरतील म्हणून खुद्द चर्चिल कचरत होते. मे महिन्यात त्यांनी रूझवेल्टना तसं कळवलंही. रूझवेल्ट बधले नाहीत. फ्रेंच जनरल कोनिग यांनीही मान्यता दिली होती. ज्यांचा देश, त्यांनीच होकार दिला, मग आपण कोण?

घाटाखालचा : जरा विषयांतर. काँचा उत्तर भाग ९ जुलैला दोस्तांच्या हाती आला. दुसऱ्याच दिवशी इटलीत टायबरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनवर धावून गेले आणि पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण १९४४ म्हटलं की नॉर्मंडीच! चालू द्या.

लियाँकर : कोनिग लंडनमध्ये होते, काका. काँमध्ये हजारो माणसं सेंट एतिएनच्या चर्चमध्ये गवतावर झोपत होती. शेजारी इस्पितळ. वरून बाँबरना कळावं म्हणून चादरी ऑपरेशनच्या रक्तात भिजवून बागेत लाल क्रॉस अंथरला होता. रंग मिळाला नाही म्हणून रक्त. होकार यांना कोणी विचारला?

निवृत्त_तोफखाना : वाचून गलबललं, खोटं कशाला बोलू. पण शहरं सोडा म्हणून पत्रकं टाकली होतीच की.

पायपीट : टाकली. नॉर्मंडीतल्याच सें-लो गावाची वाऱ्याने भलत्याच गावात नेऊन टाकली! आणि ल हाव्र बंदराचं काय? पॅरिस २५ ऑगस्टला सुटलेलं. जर्मन कमांडरने नागरिकांना बाहेर काढू द्या म्हणून विनंती केली, ब्रिटिशांनी नाकारली. ५ सप्टेंबरपासून बाँबवर्षाव, सुमारे दोन हजार नागरिक मेले. बंदर हवं होतं ना? ते सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

निवृत्त_तोफखाना : ल हाव्र तुमचं. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. काँवर मात्र हटणार नाही. समोर नाझींची बारावी एसएस डिव्हिजन होती, काँजवळच्या आर्देन मठात कॅनेडियन कैद्यांना गोळ्या घालणारी. त्यांना आणखी महिनाभर तिथे बसू द्यायचं?

पायपीट : ७ जुलैला बाँब पडले तिथे ती फारशी नव्हतीच. ती पुढे, शहराबाहेरच्या खेड्यांत मोर्चे धरून होती. आपल्याच सैन्यावर पडू नयेत म्हणून बाँब मागे, शहराच्या अंगाला टाकले होते.