सत्तरच्या दशकारंभीचे प्रोग्रेसिव्ह रॉक: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (सदाशिव पेठ): सवाई गंधर्व महोत्सवात तासभर ख्याल ऐकण्याची सवय असल्याने लांब रचनांचे भय वाटत नाही, तरी १९७० ते १९७३ या काळातील प्रोग्रेसिव्ह रॉकचा (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताचा) कोणता अल्बम आधी ऐकावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (कोथरूड): ‘येस’ या ब्रिटिश बँडचा ‘क्लोज टू द एज’ (१९७२). त्याच्या ध्वनिमुद्रिकेची (एलपीची) संपूर्ण पहिली बाजू सुमारे १८ मिनिटांच्या एकाच रचनेने व्यापली आहे. आरंभी पक्ष्यांचा किलबिलाट आणि वाहते पाणी ऐकू येते, मग गिटार अशी उसळते की पहिल्या एक-दोन वेळा काहीच हाती लागत नाही. परंतु मध्यावर सारे निवते आणि बँडचे कीबोर्डवादक रिक वेकमन यांचा चर्च-ऑर्गन घुमतो, तेव्हा आधीच्या कल्लोळाचे प्रयोजन उमगते. माझ्या मते या काळातील ही सर्वांत बांधेसूद रचना आहे.

उत्तर (औंध): नवख्या श्रोत्याला तो आरंभ जड जाईल. पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘मेडल’ अल्बममधील (१९७१) ‘एकोज’ आधी ऐकावे. लेस्ली स्पीकरमधून (आवाज फिरवून लहरता करणाऱ्या स्पीकरमधून) काढलेल्या पियानोच्या एकाच स्वराने ते सुरू होते आणि विलंबित ख्यालासारखे सावकाश उलगडत जाते.

उत्तर (कर्वेनगर): दोन्ही सूचना योग्य आहेत. त्यानंतर जेथ्रो टल या बँडचा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ (१९७२) अवश्य ऐकावा. दोन्ही बाजू मिळून एकच गाणे आहे.